मूळ बांधकाम

१

रोज सकाळी चहाचा कप हातात आला की थोरली मधल्या भिंतीला टेकून उभी राहायची. कंबर धरते, भिंतीचा गारवा बरा वाटतो, असं ती नवऱ्याला सांगायची. कंबर कानाच्या उंचीवर कधी गेली, असं त्याने एकदा विचारलं होतं. पुढे बरेच दिवस त्याला चहा कोमट मिळाला. तेव्हापासून त्या विषयावर तो मिठाची गुळणी धरून बसला.

भिंतीपलीकडे धाकटी राहायची. सख्खी बहीण. घर दोघींच्या वडिलांचं, आणि दृष्ट लागावी असं: दुमजली, कमानीच्या खिडक्या, त्यांच्या माथ्यावर रंगीत काचांची नक्षी, मधोमध लाकडी जिना आणि रस्त्याकडच्या खोलीत वडिलांचं चष्म्यांचं दुकान. वडील गेल्यावर वाटणी झाली. वाटणीचा हट्ट थोरलीचा, आधी निवड करायचा मानही तिचाच. तिने स्वयंपाकघर, मागचं अंगण आणि मोठ्या खोल्या उचलल्या. धाकटीला दुकान, जिना आणि रंगीत काचा उरल्या. मग मधल्या खोलीतून, जिथे दोघी लहानपणी एकाच पलंगावर झोपायच्या तिथून, थेट माळ्यापर्यंत भिंत चढली. थोरलीने आपल्या बाजूला लोखंडी जिना लावून घेतला, आणि भिंतीचा गिलावा वाळायच्या आत तिला वाटायला लागलं की आपण फसलो.

हे वाटणं तिचं जन्माचं होतं. धाकटीला काही मिळालं की ते थोरलीच्या डोळ्यांत खुपायचं. धाकटीचे केस लांब, धाकटीचं अक्षर देखणं, धाकटी आजारी पडली की आई तिच्या उशाशी जास्त वेळ बसायची. आता दोघींची पन्नाशी उलटली होती, तरी धाकटीचा एक केस पिकला नव्हता. नवरा नाही, मूल नाही, कसली म्हणून कटकट नाही, मग कशाला पिकतील केस, असं थोरली म्हणायची. स्वतःच्या केसांना रंग लावताना तर हमखास म्हणायची.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे घरपट्टी.

२

झालं होतं असं. फार पूर्वी, या दोघी शाळेत जात असताना, पालिकेने या रस्त्यावरच्या जुन्या घरांची पाहणी करून ठेवली होती. कुठे काय आहे, कसं आहे, सगळं. आता पालिकेने ठरवलं की त्या पाहणीच्या वेळी घर जसं होतं तसंच ज्याने राखलं असेल, त्याला घरपट्टीत घसघशीत सूट. मात्र कसोटी कडक. जे तेव्हाचं ते मूळ, जे पुढे घातलं ते नंतरचं, आणि नंतरचं काही सापडलं की सूट गेली.

धाकटीने वडिलांच्या मागे एक खिळासुद्धा हलवला नव्हता. तिला सूट मिळाली.

थोरलीने पोटाला चिमटा घेऊन सगळं केलं होतं. गुळगुळीत फरशी घातली, लाकडी खिडक्या फेकून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या, तुळया झाकायला खाली पांढरं छत टांगलं, ओट्याला काळा दगड लावला. पालिकेच्या माणसाने येऊन ते सगळं पाहिलं आणि तिच्या अर्ध्याला ‘सुधारित’ असा शेरा मारून घरपट्टी वाढवून दिली.

"म्हणजे बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "मी मरमर केली त्याचा दंड, आणि तिने आळस केला त्याचं बक्षीस."

नवरा एका छापखान्यात होता आणि त्याची निवृत्ती दारात येऊन उभी होती. त्याने हळूच सांगितलं की पगार थांबल्यावर ही घरपट्टी आपल्याला झेपणार नाही. आपला अर्धा भाग विकून शहराबाहेर छोटी सदनिका घेऊ. दलालाशी त्याचं बोलणंही झालं होतं. थोरली पोळपाट धुता धुता थांबली.

"मी या घरात जन्मले," ती म्हणाली. "इथून मला कुणी काढायचं नाही."

"काढतंय कोण? परवडत नाही एवढंच म्हणतोय."

"ती राहणार आणि मी जाणार? जीव गेला तरी नाही."

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं. सूट मिळवायची. आणि मिळत नसेल तर धाकटीची तरी घालवायची, म्हणजे बाहेर पडू तर दोघी पडू. हे दुसरं ती स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलत नसे, पण भिंतीला कान लावायचा तो त्यासाठीच. काहीतरी चूक हाती लागावी. ठोकाठोक ऐकू यावी, एखादा भाडेकरू ठेवलेला निघावा.

पण पलीकडे शांत असायचं. भांडं लागल्याचा आवाज, झाडू, नळ. एकट्या बाईचे आवाज. ते ऐकून थोरलीला जरा बरंही वाटायचं, कारण सूट मिळाली तरी धाकटी होती एकटीच.

मग एके दिवशी सकाळी पलीकडे कुणीतरी हसलं, आणि त्यावर धाकटीही हसली.

३

"रेडिओ असेल," नवरा म्हणाला.

"रेडिओ थांबून तिचं ऐकून घेतो का?"

"मग फोन."

थोरलीने तेही गृहीत धरून पाहिलं. फोनच असेल, कुणी जुनी मैत्रीण असेल. पण फोन असला तर खोलीत एकाच माणसाची पावलं वाजतात. इथे धाकटीची पावलं खुर्चीपाशी थांबलेली असायची आणि दुसरी पावलं, हलकी आणि भराभर, जिन्यावरून खाली यायची. थोरलीचा चहा हातातच निवून जायचा. दिवसेंदिवस ती तिथे जास्त वेळ उभी राहायला लागली. शब्द कळत नव्हते, लय कळत होती. एक आवाज सांगतोय, दुसरा मध्येच तोडतोय, मग दोघी एकदम बोलताहेत, मग हसू. दोन बायका खूप जुन्या ओळखीने बोलतात तसं ते होतं.

तिला भीती वाटली नाही. तिचा जळफळाट झाला. वाटणी झाल्यापासून धाकटी तिच्याशी कधी अशी हसली नव्हती. दारात भेटली तर "बरी आहेस ना" एवढं विचारून आत जायची. हाकसुद्धा मारायची नाही. आणि इथे कुणा उपटसुंभ बाईला ती पोटातलं सगळं सांगत बसली होती.

एका दुपारी टाळ्यांचा आवाज आला. दोघीजणी समोरासमोर बसून एकमेकींच्या तळव्यांवर टाळ्या मारतात, वेग वाढवत नेतात, जिची टाळी चुकेल ती हरते, तो खेळ. थोरली हातातलं काम टाकून भिंतीपाशी गेली. टाळ्या वाढत गेल्या, वाढत गेल्या आणि एकदम तुटल्या. मग धाकटीचा आवाज इतका स्वच्छ आला की जणू मध्ये भिंत नव्हतीच.

"तू नेहमी लबाडी करतेस, ताई."

थोरलीने भिंतीवरून कान काढला. अख्ख्या जगात धाकटीची ताई एकच होती, आणि ती इथे भिंतीच्या अलीकडे ओलं फडकं हातात धरून उभी होती.

४

त्याच आठवड्यात पालिकेचा तपासनीस धाकटीकडे आला. नीटनेटका, हळू बोलणारा माणूस, रबरी तळांचे बूट. तो निघाला तेव्हा थोरलीने त्याला फाटकाशीच गाठलं आणि चहाचा आग्रह करून आपल्याकडे आणलं.

त्याने बूट बाहेर काढले. आत येऊन फरशीकडे पाहिलं. "नंतरची," म्हणाला. खिडकीकडे पाहून म्हणाला, "नंतरची." टांगलेल्या छताकडे त्याने नुसती मान वर केली. त्याच्या बोलण्यात कुचकटपणा नव्हता, नवी ओळख झाल्यावर माणूस नाव विचारतो तसं तो प्रत्येक वस्तूला विचारत होता.

"आणि शेजारी कसं आहे?" थोरलीने साखर ढवळत विचारलं. "दर्शनी भिंतीला मोठी भेग आहे म्हणे."

"होती. गेल्या वेळी मी तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून गेलो होतो. भिंत हलली की काच फुटते, म्हणजे आम्हाला कळतं."

"मग?"

"फुटली काच."

थोरलीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "अरेरे," ती म्हणाली. "म्हणजे भेग वाढली."

"नाही, मिटली." त्याने कप खाली ठेवला. "भेग वाढली की काच मधोमध तडकते. ही दोन्हीकडून दाबली जाऊन चिरडली गेलीय. आता तिथे भेगच नाही. नीट राखलेल्या घरात असं होतं कधी कधी."

तो गेल्यावर थोरली खुर्चीत बसून राहिली. भेग आपोआप मिटते, हे तिला कुणी सांगून पटणार नव्हतं. गवंडी बोलावला असणार. गुपचूप सिमेंट भरून घेतलं असणार, आणि सिमेंट म्हणजे सरळसरळ नंतरचं. या भल्या माणसाच्या डोळ्यांत धूळफेक झाली होती. तिने केसातली पिन काढून नीट पाहिली, पुन्हा केसात खोचली, आणि रिकामी वाटी घेऊन साखर मागायला शेजारी गेली.

५

धाकटीने दार उघडलं. साखर म्हटल्यावर तिने वाटी घेतली, काही विचारलं नाही, आत गेली. थोरली दुकानाच्या खोलीत एकटी उरली.

तिथे सगळं तसंच होतं, हे ती ऐकून होती. पण तसंच म्हणजे जुनं, विटकं, धूळ खाल्लेलं असेल अशी तिची समजूत होती. भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्यातली अक्षरं काळीभोर होती. चष्म्यांच्या डब्यांना नव्या कातड्याचा वास येत होता. ती जिन्याच्या कठड्याला टेकली तर तळहात चिकटला. कठड्याला लावलेला रोगण अजून पुरता वाळला नव्हता. वडील दरवर्षी स्वतः कठडा रंगवायचे आणि मुलींना दोन दिवस हात लावू द्यायचे नाहीत, हे तिला आठवलं. तिने तळहात पदराला पुसला.

रंगवलंय, ती मनाशी म्हणाली. चोरून सगळं नवं करून घेतलंय.

भेगेची जागा खिडकीच्या कोपऱ्यात होती, तिला पक्की ठाऊक होती. तिने पिन काढली आणि खरवडलं. सिमेंट पिनेला दाद देत नाही. इथे पांढरी भुकटी झरझर खाली आली, चुन्याची, आणि तिच्याखाली तोच फिका निळा रंग लागला जो तिच्या शाळेच्या दिवसांत या खोलीला होता. ती आणखी खरवडणार होती. पण पिन काढली तशी ती ओरखड्याची रेघ कडांपासून बारीक होत गेली. थोरलीने डोळे मिटून उघडले. तिला चष्मा होता आणि तो ती घरी विसरून आली होती, हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं.

धाकटी साखर घेऊन आली. तिच्या मागे, आतल्या मेजावर दोन कप दिसत होते. त्यातला छोटा, निळ्या काठाचा. त्याचा कान थोरलीने लहानपणी रागाच्या भरात ओट्यावर आपटून तोडला होता आणि त्यापायी मार खाल्ला होता. कपाला कान होता.

"कोण आलंय तुझ्याकडे?" थोरलीने विचारलं.

"कुणी नाही."

"मला ऐकू येतं ग. मी काही बहिरी नाही."

"ऐकतेस ते माहितीये मला." धाकटी वाटी पुढे करून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर सुरकुती नव्हती. "आलं कुणी नाहीये. इथे होतंच ते."

वर, जिन्याच्या वळणापलीकडे, फळी करकरली. धाकटीने वर पाहिलं आणि तिच्या तोंडावर जे हसू आलं ते थोरलीने किती वर्षांत पाहिलं नव्हतं. थोरली जिन्याकडे वळली. पहिल्या दोन पायऱ्या चढलीही. धाकटीने तिचं मनगट पकडलं.

"तू असताना ती यायची नाही," ती म्हणाली. "तुला घाबरते."

वळणावरच्या कठड्यावर एक लाल रिबीन वाळत टाकली होती. तिचं पाणी थेंब थेंब पायरीवर पडत होतं.

६

"शिकवणीला येत असेल एखादी मुलगी," नवरा म्हणाला. "धाकटी तिला लाडाने ताई म्हणत असेल."

तो म्हणतो ते पटण्यासारखं होतं. थोरलीने ते पटवून घेतलंही. कपासारखे कप असतात, रिबिनी बाजारात गाडाभर मिळतात. पण तिला रिबीन, कप, रोगण यांचं काही पडलं नव्हतं. ते हसू तिच्या घशात अडकलं होतं. पोरगी कुणाचीही असो, बहिणीने ते हसू तिला द्यायचं आणि सख्ख्या बहिणीच्या हातात साखरेची वाटी टेकवायची, हा कुठला न्याय?

तिने पालिकेत हरकत नोंदवली. तिचं डोकं वकिलाचं होतं, ते या कामाला आलं. तिचं म्हणणं असं: पाहणी झाली तेव्हा हे घर एकच होतं. मधली भिंत तर तेव्हा नव्हतीच, म्हणजे भिंतच नंतरची. मग अर्ध्या घराला सूट आणि अर्ध्याला नाही, हे कुठल्या नियमात बसतं? पाहायचं तर सगळं घर एक म्हणून पाहा. नंतरचं जे असेल ते काढायला आपण तयार आहोत. मग सूट द्या तर सबंध घराला द्या, नाहीतर कुणालाच नको.

"फरशी उखडायला लावतील," नवरा म्हणाला.

"लावू देत. घर तर राहील."

हरकत मान्य झाल्याचं आणि तपासनीस उद्याच भिंत पाडायला येणार असल्याचं कळलं त्या दिवशी धाकटी मागच्या अंगणात आली. वाटणीनंतर तिचं पाऊल या बाजूला पहिल्यांदाच पडत होतं. थोरली कपडे वाळत घालत होती. धाकटीने न विचारता बादलीतला एक पंचा पिळला, झटकला आणि दोरीवर टाकला.

"ताई," ती म्हणाली, "ती हरकत मागे घे."

इतक्या वर्षांनी ती हाक ऐकून थोरलीच्या काळजाला चटका बसला. लगेच तिच्या लक्षात आलं की हाक कशासाठी आहे, आणि चटका होता तिथे राग पेटला.

"आता आठवली का ताई? सूट जायची वेळ आली तेव्हा?"

"सूट गेली तर गेली. मी भरेन काय ती घरपट्टी. तुझीसुद्धा भरते हवं तर."

"उपकार नकोत तुझे."

"तो तपासनीस कडक आहे ग. नंतरचं काही ठेवत नाही तो." धाकटी दोरीला धरून उभी होती. "तुझ्याकडे सगळंच नंतरचं आहे, ताई. तुझ्याकडे मूळ काही राहिलेलं नाही. जे होतं ते तू टाकून गेलीस आणि मी ठेवून घेतलं. भिंत घातलीस त्या दिवशी मला फार एकटं वाटलं होतं. तेवढ्यासाठी ठेवलं."

"काय ठेवलंस?"

धाकटीने दोरीवरचा पंचा उगाच सारखा केला.

"फरशी फोडतील, छत काढतील, अजून काय करतील?" थोरली म्हणाली. "मी घाबरत नाही. तुझ्या पोटात दुखतंय, कारण उद्यापासून ते घर माझंही होईल. तुझी ती लाडकी पोरगी कोण आहे ते भिंत पडली की मी बघणारच आहे."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. नुसतं मायेने, आणि ते थोरलीला सर्वांत झोंबलं.

७

तपासनीस सकाळीच आला. सोबत एक गवंडी होता. तपासनिसाच्या हातात खडू होता आणि त्याने उंबऱ्यापासून कामाला सुरुवात केली. फरशीवर खडूची फुली. सरकत्या खिडक्यांवर फुली. शिडी घेऊन टांगलेल्या छतावर फुली, ओट्याच्या काळ्या दगडावर, लोखंडी जिन्यावर, दिव्यांच्या बटणांवर. थोरली त्याच्या मागून फिरत होती. यातली एकेक वस्तू तिने जिवाचं रान करून आणली होती. पण तिने मनाला बजावलं. गेलं तर जाऊ दे, घर राहतंय.

नवरा डबा घेऊन कामाला निघाला होता. तपासनीस त्याच्यासमोर थांबला.

"आपण?"

"मी जावई," नवरा हसून म्हणाला. "लग्न झाल्यावर आलो इथे राहायला."

"म्हणजे नंतरचे," तपासनीसही हसला आणि जाता जाता त्याने त्याच्या बाहीवर खडूची फुली ओढली. नवऱ्याला ती थट्टा आवडली. "बघ, माझाही निकाल लागला," असं बायकोला सांगून तो पायऱ्या उतरला. थोरली खिडकीतून बघत होती. तो फाटकापर्यंत गेला, तिथे थांबला, मागे वळून त्याने घराकडे असं पाहिलं, जणू आपण इथे कशाला आलो होतो ते त्याला आठवत नव्हतं. मग डाव्या हाताला बसचा थांबा असताना तो उजवीकडे चालू लागला.

तिला हाक मारायची होती. तेवढ्यात मधल्या खोलीतून घणाचा आवाज आला आणि ती तिकडे धावली.

गवंडी भिंतीच्या विटा काढत होता. तपासनिसाने आधीच भिंतीवर मोठी फुली मारली होती. विटा सुटत गेल्या, धूळ उडाली आणि खांद्याच्या उंचीवर एक भोक पडलं. पलीकडून ऊन आलं, रंगीत काचांतून आलेलं, आणि थोरलीच्या गुळगुळीत फरशीवर लाल-हिरवं पसरलं. तिच्या मनात आलं, हे माझं ऊन होतं. हेही तिने घेतलं होतं.

गवंडी बाजूला झाला. तपासनिसाने वाकून भोकातून आत पाहिलं. समाधानाने मान हलवली. मग तो वळला आणि त्याने थोरलीकडे पाहिलं. पायांपासून केसांपर्यंत, केसांच्या रंगापाशी जरा थांबून.

"आपण?" त्याने विचारलं.

"मी इथलीच," थोरली म्हणाली. आवाज तिला वाटला तितका मोठा निघाला नाही. "मोठी मुलगी. माझा जन्म या घरातला. पाहणी झाली तेव्हा मी होते इथे, शाळेत जात होते. विचारा कुणालाही."

"हो, आहे ना ती माझ्या माहितीत," तो अदबीने म्हणाला. "ती तिकडे आहे."

थोरली त्याला ओलांडून भोकापाशी गेली.

पलीकडे मधल्या खोलीचा दुसरा अर्धा होता. पलंग होता, त्याच्यावर चादर होती. काठावर धाकटी बसली होती, थोरलीकडे तोंड करून, डोळे रडून लाल झालेले. तिच्यासमोर, थोरलीकडे पाठ करून, एक मुलगी मांडी घालून बसली होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, मानेवर उजवीकडे तीळ. थोरलीचा हात आपसूक स्वतःच्या मानेकडे गेला. धाकटीचा हात त्या मुलीच्या केसांवर होता, आणि सरळ रेषेत पाडलेल्या भांगावरून तिची बोटं इतकी हळुवार फिरत होती की थोरलीला त्या पोरीला ओढून बाजूला करावंसं वाटलं, तिथे आपण बसावंसं वाटलं. आयुष्यात इतका हेवा तिला कुणाचा वाटला नव्हता.

"आपल्याकडे कोण बघतंय ग?" मुलीने विचारलं. मान वळवायला लागली. धाकटीने पटकन तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं, पण आवाज थोरलीने ओळखला होता. टाळ्यांच्या खेळात लबाडी करून वर भांडणारा आवाज.

"ये ना ग," थोरली भोकातून धाकटीला म्हणाली. "सांग त्यांना. सांग मी कोण ते."

धाकटीचं तोंड हललं. तिने एकदा थोरलीकडे पाहिलं, एकदा छातीशी धरलेल्या त्या डोक्याकडे. तिचा हात पुन्हा वेणीवरून फिरायला लागला.

"कुणी नाही ग, ताई," ती मुलीला म्हणाली. "तू बघू नकोस."

थोरली तशीच विटांच्या कडा धरून उभी राहिली. मागून रबरी तळांची पावलं जवळ आली आणि तिच्या पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, तपासनिसाने सावकाश खडूची एक रेघ ओढली. दुसरी रेघ ओढताना त्याने तिला जरा सरळ उभं राहायला सांगितलं, आणि ती राहिली.